बाटलीवरचं नाव

1986 साली कॅलिफोर्नियात दोन भावांनी तिसऱ्या, सख्ख्या भावाला कोर्टात खेचलं. कारण होतं चीज. धाकटा जोसेफ गॅलो गाईगुरांचा आणि दुधाचा मोठा धंदा सांभाळत होता, अलीकडे चीजही करू लागला होता आणि पाकिटावर स्वतःचं नाव छापत होता. थोरले अर्नेस्ट आणि ज्युलिओ म्हणाले, गॅलो हे नाव आमच्या वाइनचं आहे, ते दुसऱ्या कुणाच्या मालावर चालणार नाही. जोसेफने उलटा दावा लावला: आईवडिलांच्या मागे राहिलेल्या मालमत्तेतूनच हा धंदा उभा राहिला, तेव्हा त्यातला तिसरा हिस्सा माझा. कोर्टाने त्याचा दावा फेटाळला. 1992 मध्ये अपिलातही थोरल्यांचीच सरशी झाली. ते चीज पुढे ‘जोसेफ फार्म्स’ या नावाने विकलं जाऊ लागलं. बापाचं आडनाव ब्रँड म्हणून लावायचा हक्क मुलाला उरला नाही.

इटलीतल्या कियांती क्लासिको वाइनच्या उत्पादक संघालाही याच काळात हा अनुभव आला. 1924 पासून काळा कोंबडा हे त्यांचं बोधचिन्ह, त्यावरून पडलेलं नाव ‘गॅलो नेरो’. अमेरिकेत ते नाव वापरायला 1991 मध्ये कोर्टाने मनाई केली. कारण तेच: गॅलो म्हणजे कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टो गावचे गॅलो.

आपल्या नावाला इतकं जपणाऱ्या घराण्याने समाजाला काय दिलं आणि समाजाकडून काय घेतलं, हे तपासायचं तर सुरुवात नावापासूनच करावी असं मला वाटतं. ई. अँड जे. गॅलो ही जगातली सर्वांत मोठी कौटुंबिक मालकीची वाइन कंपनी मानली जाते. ती शेअर बाजारात कधी उतरली नाही, त्यामुळे तिचे आतले हिशेब बाहेर फारसे येत नाहीत. पण नाव कुठे लावलं आहे आणि कुठे टाळलं आहे, हे कुणालाही बाटली हातात घेऊन बघता येतं.

*

गॅलो कुटुंब मूळचं इटलीच्या पीडमाँट भागातलं. 1920 मध्ये अमेरिकेत दारूबंदी आली तेव्हा वायनऱ्या बंद पडल्या, द्राक्षबागा मात्र वाढल्या. कायद्यात एक फट होती. घरच्या घरी वर्षाला 200 गॅलनपर्यंत फळांचा रस करायला मोकळीक होती, आणि तो रस आंबला तर बघायला कोण येणार? कॅलिफोर्नियाची द्राक्षं रेल्वेच्या वाघिणींतून शिकागो-न्यूयॉर्कच्या यार्डांत जायची आणि तिथली स्थलांतरित कुटुंबं ती पेट्यांनी उचलायची. जाड सालीचं, लांबचा प्रवास सोसणारं अ‍ॅलिकांते बुशे हे वाण त्या वर्षांत फार चाललं. तरुण अर्नेस्ट शिकागोच्या यार्डात उभा राहून सौदे करायला शिकला. विक्रीचं सगळं शिक्षण त्याला दारूबंदीने दिलं.

21 जून 1933 ला फ्रेझ्नोजवळच्या मळ्यावर वडिलांनी आईला गोळी घातली आणि मग स्वतःला संपवलं. अर्नेस्ट तेव्हा 24 वर्षांचा होता, ज्युलिओ 23 चा, जोसेफ अवघा 13 चा. थोरल्यांनीच धाकट्याला सांभाळलं. त्या दिवसाबद्दल पुढे पुस्तकं निघाली, तर्क लढवले गेले. मी त्यात शिरत नाही. पण या घराण्याचा धंद्यातला कठोरपणा, बाहेरच्यांना चार हात लांब ठेवण्याची वृत्ती आणि नावावरची घट्ट मूठ समजून घेताना तो मळा विसरता येत नाही.

त्याच वर्षी 5 डिसेंबरला दारूबंदी उठली. भावांकडे भांडवल होतं सुमारे 5,900 डॉलर, त्यातले 5,000 अर्नेस्टच्या सासूबाईंकडून उसने आणलेले. द्राक्षं पिकवायची कशी हे ठाऊक होतं. धंद्याच्या प्रमाणावर चांगली वाइन करायची कशी हे नव्हतं. मोडेस्टोच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या तळघरात कॅलिफोर्निया विद्यापीठाने दारूबंदीच्या आधी काढलेल्या पुस्तिका पडून होत्या. त्या वाचून ते शिकले, असं त्यांनीच सांगितलं आहे. गॅलोंच्या गोष्टीत स्वकष्टाचा गौरव नेहमी होतो, आणि कष्ट खरेच होते. पण लोकांच्या पैशातून झालेलं संशोधन, लोकांच्या पैशातून छापलेल्या पुस्तिका आणि बंदीच्या तेरा वर्षांतही त्या न फेकता जपून ठेवणारं गावचं ग्रंथालय हेसुद्धा त्या भांडवलात धरायला हवं. सासूबाईंच्या कर्जाइतकंच ते देणं मोठं आहे.

पुढे कामाची वाटणी झाली. ज्युलिओकडे बाग आणि वाइन, अर्नेस्टकडे विक्री. दुकानातल्या फळीवर आपली बाटली ग्राहकाच्या डोळ्यांसमोर येईल अशी लागली पाहिजे, यासाठी अर्नेस्टची माणसं दुकानोदुकानी फिरत. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीला कंपनीने मोडेस्टोत स्वतःचा काचकारखाना काढला. झाकणं स्वतःची, ट्रक स्वतःचे. 1964 मध्ये ‘हार्टी बर्गंडी’ आली, स्वस्त आणि नेटकी लाल वाइन. वाइन म्हणजे श्रीमंतांच्या किंवा इटालियन-फ्रेंच घरांतल्या जेवणाची गोष्ट, हा अमेरिकी समज मोडण्यात या बाटलीचा वाटा मोठा आहे, आणि तो मोकळेपणाने मान्य केला पाहिजे. 1967 च्या सुमारास कंपनीने बागायतदारांना दीर्घ मुदतीचे करार देऊ केले: हलकी वाणं काढा, चांगली लावा, माल आम्ही घेतो. वेल लावल्यापासून भरपूर माल यायला तीन-चार वर्षं जातात, तेवढा काळ शेतकऱ्याने कशाच्या भरवशावर काढायचा? तो भरवसा या करारांनी दिला. मध्य कॅलिफोर्नियातल्या कित्येक शेतकरी कुटुंबांची घडी त्यावर बसली. एकाच मोठ्या खरेदीदारावर विसंबण्याचं जे व्हायचं तेही झालं. भाव कोण ठरवणार, हा प्रश्न मग विचारावा लागत नाही.

*

‘हार्टी बर्गंडी’वर गॅलो हे नाव ठळक होतं. ‘थंडरबर्ड’वर ते नव्हतं.

पन्नाशीच्या दशकात गॅलोच्या विक्रेत्यांच्या लक्षात आलं की गरीब कृष्णवर्णीय वस्त्यांत लोक व्हाइट पोर्टमध्ये लिंबाचा रस मिसळून पितात. मग ते मिश्रणच बाटलीत का भरू नये? 1957 मध्ये ‘थंडरबर्ड’ बाजारात आलं. गोड, लिंबाच्या स्वादाचं, गार करून प्यायचं. साध्या टेबल वाइनमध्ये मद्यार्क 12-13 टक्के असतो, यात तो 20 च्या घरात. किंमत 60 सेंट. रेडिओवर तालात म्हणायची जाहिरात होती आणि ती पोरासोरांच्या तोंडी बसली. कंपनी साठच्या दशकात अमेरिकेत पहिल्या क्रमांकाला पोहोचली त्यामागे या बाटलीचं बळ मोठं होतं.

लेबल जवळून पाहिलं की गोष्ट कळते. मोठ्या अक्षरांत थंडरबर्ड, आणि खाली उत्पादक म्हणून ‘थंडरबर्ड लिमिटेड, मोडेस्टो, कॅलिफोर्निया’. मोडेस्टो हे गाव फक्त कायद्याने भाग पाडलं म्हणून तिथे आहे. ‘नाइट ट्रेन एक्सप्रेस’ या दुसऱ्या कडक बाटलीवरही गॅलो नाव नव्हतं. जोसेफच्या चीजवरून आपलं नाव काढून घ्यायला कोर्टात गेलेल्या भावांनी आपल्याच सर्वांत खपाच्या एका मालावर ते नाव घातलं नाही.

फेब्रुवारी 1988 मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने या धंद्यावर सविस्तर लेख छापला. मोठ्या शहरांच्या बेघर वस्त्यांत फुटपाथवर आयुष्य काढणारी, सकाळी उठल्याबरोबर पहिली बाटली शोधणारी माणसं हाच या मालाचा मोठा गिऱ्हाईक-वर्ग आहे आणि कंपनीला त्यावर बोलायला आवडत नाही, हे त्यात उघडपणे मांडलं होतं. 1989 मध्ये गॅलोने आपल्या वितरकांना सांगितलं की सॅन फ्रान्सिस्कोच्या टेंडरलॉइनसारख्या वस्त्यांतून ‘थंडरबर्ड’ आणि ‘नाइट ट्रेन’ काढून घ्या. हे पाऊल चांगलंच होतं. पण ते उचलता आलं याचा अर्थ कोणत्या गल्लीतल्या कोणत्या दुकानात हा माल कुणाच्या हाती पडतो, हे कंपनीला ठाऊक होतं. फळीवरच्या बाटलीची जागा इंचाने मोजणाऱ्या धंद्याला ते ठाऊक नसेल असं म्हणणं म्हणजे अर्नेस्ट गॅलोच्या बुद्धीचा अपमान आहे.

असा माल एकटे गॅलोच करत होते असं नाही. प्रतिस्पर्ध्यांच्याही अशाच बाटल्या होत्या. आणि मराठी वाचकाला तर यात काही नवल वाटायचं कारण नाही. आपल्याकडे देशी दारूच्या दुकानातली संत्र्याच्या स्वादाची क्वार्टर याच हिशेबाने बनते: कडक, गोड, स्वस्त आणि ज्याच्या हातात रोजची मजुरी पडते त्याच्यासाठी. ती कोण बनवतं, कारखाना कुणाच्या घराण्याचा, हे पिणाऱ्याला माहीत नसतं. फरक एवढाच की महाराष्ट्रात गावातल्या बायकांना या बाटलीविरुद्ध मत देता येतं. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद होतं. टेंडरलॉइनमध्ये राहणाऱ्यांना असा मताचा अधिकार नव्हता. तिथे कंपनीच्या मर्जीवर सगळं अवलंबून होतं.

1980 मध्ये अर्नेस्ट गॅलोच्या नावाने सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाशी जोडलेलं एक संशोधन केंद्र सुरू झालं होतं. दारूचा मेंदूवर काय परिणाम होतो आणि व्यसन जडतं कसं, हा त्याचा विषय. केंद्राने गंभीर काम केलं, त्यातून मज्जाविज्ञानात मोलाची भर पडली. त्या केंद्रावर गॅलो हे पूर्ण नाव होतं. दारू विकणाऱ्याने व्यसनाच्या अभ्यासाला पैसा द्यावा हे मला योग्यच वाटतं. खटकतं ते हे, की व्यसनाच्या अभ्यासाला जे नाव चाललं ते व्यसनाच्या बाटलीला चाललं नाही.

*

आता मळ्यातल्या मजुरांकडे येतो. माझ्या मते गॅलो घराण्याचा सर्वांत मोठा सामाजिक वारसा इथे आहे, आणि तो त्यांनी स्वेच्छेने दिलेला नाही.

अमेरिकेत कामगारांना युनियन करण्याचा, मालकाशी सामुदायिक वाटाघाटी करण्याचा हक्क 1935 च्या राष्ट्रीय कायद्याने दिला. त्यातून दोन प्रकारची माणसं वगळली होती: घरकाम करणारी आणि शेतमजूर. ही वगळणूक पुढे कित्येक दशकं तशीच राहिली. द्राक्षाच्या मळ्यात काम करणारे मेक्सिकन, फिलिपिनो, पोर्तुगीज मजूर मुकादमाच्या हाताखाली, बहुतेक वेळा अंगावर काम घेऊन राबत. सप्टेंबर 1965 मध्ये डेलानो इथे फिलिपिनो मजुरांनी खाण्याच्या द्राक्षांच्या मळ्यांत संप पुकारला, सेझार चावेझ आणि डोलोरेस वेर्ता यांची संघटना त्यात उतरली आणि त्यातून युनायटेड फार्म वर्कर्स ही युनियन उभी राहिली.

गॅलोने या युनियनशी 1967 मध्येच करार केला होता, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. एप्रिल 1973 मध्ये कराराची मुदत संपली. बोलणी फिसकटली आणि त्या उन्हाळ्यात कंपनीने ट्रकचालकांच्या बलाढ्य टीमस्टर्स युनियनशी करार केला. कंपनीचं म्हणणं होतं की आमच्या मजुरांनाच टीमस्टर्स हवी आहे. चावेझची युनियन म्हणत होती की मग मतदान घ्या. मतदान घ्यायला भाग पाडणारा कायदाच नव्हता, कारण शेतमजूर 1935 च्या कायद्याबाहेर. संप झाला. लिव्हिंग्स्टनच्या मळ्यावर कंपनीच्या खोल्यांत राहणाऱ्या संपकरी कुटुंबांना घरं सोडावी लागली. काम गेलं की त्याच दिवशी डोक्यावरचं छप्परही जातं, हे ज्यांनी ऊसतोडीच्या कोप्या किंवा वीटभट्टीवरच्या झोपड्या पाहिल्या आहेत त्यांना समजावून सांगावं लागणार नाही.

चावेझच्या युनियनमध्येही दोष होते. कुणाला काम द्यायचं हे तिच्या हॉलमधून ठरायचं, त्यात ज्येष्ठतेच्या नियमांमुळे एकाच कुटुंबातली माणसं वेगवेगळ्या मळ्यांवर पाठवली जायची, आणि याबद्दल मजुरांच्याच तक्रारी होत्या. पुढे ऐंशीच्या दशकात ही युनियन आतल्या भांडणांनी खंगली. पण 1973 चा मूळ प्रश्न युनियन कोणती चांगली हा नव्हता. ते ठरवायचं कुणी, हा होता.

मग बहिष्कार सुरू झाला. गॅलो घेऊ नका, असं सांगत विद्यार्थी, पाद्री, नन्स आणि गृहिणी दारूच्या दुकानांपुढे उभ्या राहू लागल्या. तिथे त्यांना आड आलं ते नावच. ‘बून्स फार्म’, ‘रिपल’, ‘थंडरबर्ड’: गॅलोच्या मालावर गॅलो हे नाव असेलच असं नाही. युनियनने लोकांना साधी खूण शिकवली. बाटली फिरवून बघा. लेबलवर मोडेस्टो, कॅलिफोर्निया असं लिहिलं असेल तर ती गॅलोची. जे गाव कायद्यापुरतं बारीक अक्षरांत छापलं होतं तेच ओळखीची खूण झालं. 1975 मधल्या लुई हॅरिस यांच्या पाहणीत 8 टक्के प्रौढ अमेरिकनांनी आपण गॅलो वाइन घेणं सोडल्याचं सांगितलं.

22 फेब्रुवारी 1975 ला सॅन फ्रान्सिस्कोच्या युनियन स्क्वेअरमधून मोर्चा निघाला. मोडेस्टोपर्यंतचं अंतर सुमारे 110 मैल, म्हणजे 175 किलोमीटरच्या पुढे. सुरुवातीला काहीशे माणसं होती. 1 मार्चला मोडेस्टोत पोहोचेपर्यंत हजारोंची गर्दी झाली, मोजणाऱ्याप्रमाणे आकडा दहा हजार ते वीस हजार. मार्च 2018 मध्ये नाशिकहून मुंबईला निघालेला किसान सभेचा लाँग मार्चही जवळपास एवढंच अंतर चालला होता. रक्ताळलेल्या पायांचे ते फोटो आठवत असतील तर 1975 च्या त्या आठवड्याची कल्पना यावी.

मोडेस्टोत मोर्चेकऱ्यांचं स्वागत कंपनीच्या एका फलकाने झालं. त्याचा आशय असा होता की आमच्या मळ्यातल्या मजुरांना देशात सर्वांत चांगला पगार आहे, तुम्ही चुकीच्या दिशेने चालत आहात. राज्याची राजधानी सॅक्रामेंटो तिकडे आहे, तिथे जाऊन कायदा मागा. तो फलक डिवचण्यासाठी लावला होता यात शंका नाही. पण कायदा खरंच झाला. जानेवारीत नवे गव्हर्नर जेरी ब्राउन आले होते. मोर्चानंतर त्यांनी मळामालक, टीमस्टर्स आणि युनायटेड फार्म वर्कर्स यांना एकत्र बसवलं आणि जून 1975 मध्ये कॅलिफोर्नियाच्या शेतमजूर संबंध कायद्यावर सही केली. बहिष्काराने घायकुतीला आलेल्या गॅलोनेही कायद्याच्या बाजूने वजन टाकलं.

या कायद्याची घडण लक्ष देऊन पाहण्यासारखी आहे, कारण ती शेतीचा हंगाम जाणणाऱ्या माणसांनी केली आहे. कारखान्यात मतदान दोन महिन्यांनी झालं तरी कामगार तिथेच असतात. मळ्यात काढणी संपली की मजूर पुढच्या पिकाकडे निघून जातो. म्हणून अर्ज आल्यापासून सात दिवसांत गुप्त मतदान, संप चालू असेल तर 48 तासांत. मळ्यावर हंगामातल्या सर्वाधिक संख्येच्या निम्मे तरी मजूर हजर असतानाच अर्ज करता येईल, म्हणजे मालकाने मोजक्या कायम माणसांच्या जिवावर निकाल लावू नये. नियमावलीत युनियनच्या कार्यकर्त्याला कामाआधी, कामानंतर आणि जेवणाच्या सुट्टीत मळ्यात जाऊन मजुरांशी बोलण्याची मुभा मिळाली. ज्यांचं घर मळ्यात, ज्यांची वाट मळ्यातून, त्यांना दुसरीकडे गाठायचं तरी कुठे?

गॅलोच्या मळ्यावर सप्टेंबर 1975 मध्ये मतदान झालं आणि त्या निकालावरचे आक्षेप वर्षानुवर्षं चालले. 1977 मध्ये दोन्ही युनियननी आपापली क्षेत्रं वाटून घेतली, 1978 च्या सुरुवातीला बहिष्कार मागे घेतला गेला. म्हणजे ज्या मळ्यासाठी एवढी माणसं चालली तिथे चावेझना निर्विवाद विजय मिळाला नाही. कायदा मात्र राज्यातल्या सगळ्या मळ्यांना लागू झाला.

पुढे सोनोमामधल्या गॅलोच्या मळ्यांवर 1994 मध्ये मजुरांनी युनायटेड फार्म वर्कर्सला मत दिलं. प्रत्यक्ष करार झाला 2000 मध्ये. मत दिल्यापासून कराराला सहा वर्षं. तो संपल्यावर पुन्हा तिढा पडला, 2005 च्या जूनमध्ये पुन्हा बहिष्काराची हाक गेली आणि सप्टेंबरमध्ये समझोता झाला. हाती कायदा असूनही सहा वर्षं लागतात, याचा विचार कायद्यावर फार भिस्त ठेवणाऱ्यांनी करावा.

*

मोडेस्टो गावात शिरताना एक जुनी कमान लागते, 1912 सालची. पाणी, संपत्ती, समाधान, आरोग्य असे चार शब्द तिच्यावर दिव्यांनी लिहिलेले आहेत. या गावाला गॅलोंनी काय दिलं? वायनरी, काचकारखाना, वाहतूक यांतून पिढ्यान् पिढ्या रोजगार दिला. शाळा, दवाखाने, चर्च यांना देणग्या दिल्या. सप्टेंबर 2007 मध्ये गावाच्या मध्यभागी गॅलो सेंटर फॉर द आर्ट्स उघडलं. ज्युलिओचा मुलगा बॉब आणि सून मरी यांची त्यात मोठी देणगी होती, स्टॅनिस्लॉस काउंटीनेही पैसा घातला. मोडेस्टोसारख्या शेतीच्या गावात इतकं मोठं नाट्यगृह एरवी उभं राहिलं नसतं. तिथे सिंफनी ऐकणाऱ्या शाळकरी मुलाला त्या देणगीचा जो लाभ होतो तो निखळ आहे आणि त्यावर 1973 चं सावट टाकायची मला इच्छा नाही.

दुसरीकडे हेही झालं: 1976 मध्ये केंद्रीय व्यापार आयोगाने वितरकांवरच्या दडपणाबद्दल कंपनीला एका संमती-आदेशाखाली आणलं, तो 1983 मध्ये उठवला गेला. 1986 च्या करसुधारणेत नातवंडांना दिलेल्या मालमत्तेवरच्या करातून प्रत्येक नातवंडामागे 20 लाख डॉलरपर्यंत तात्पुरती सूट देणारी तरतूद आली. तिला वॉशिंग्टनमध्ये गॅलो दुरुस्ती असंच म्हणत. दोन्ही पक्षांच्या पुढाऱ्यांना या घराण्याने सढळ हाताने निवडणूक निधी दिला होता. संपत्ती पुढच्या पिढीकडे अखंड जावी यासाठी कायदा बदलून घेण्याची ताकद एका घराण्याकडे होती, आणि त्याच घराण्याच्या मळ्यातल्या मजुराला मताचा हक्क मिळवायला 110 मैल चालावं लागलं.

ज्युलिओ 1993 मध्ये कुटुंबाच्या मळ्यावर जीप उलटून गेला. जोसेफ आणि अर्नेस्ट 2007 मध्ये, तीन आठवड्यांच्या आत.

*

नाशिककडे गॅलोंचा मळा नाही. पण आपल्या वाइनच्या धंद्याची शिकवणी कॅलिफोर्नियातच झाली. स्टॅनफर्डला शिकून आणि कॅलिफोर्नियातच नोकरी करून परतलेल्या राजीव सामंत यांनी गंगापूर धरणाजवळ 1999 मध्ये सुला सुरू केली तेव्हा वाइन बनवण्याचा सल्ला सोनोमाच्या केरी डॅमस्की यांचा होता. 2001 मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं. बागायतदारांशी दीर्घ मुदतीचे करार हा कॅलिफोर्नियाचाच नमुना इथेही चालतो, आणि चांगला चालतो. सुला ही काही घराण्याची पेढी नाही, 2022 मध्ये ती शेअर बाजारातही आली.

27 जानेवारी 2022 ला राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं तेव्हा वाद पेटला. सरकार म्हणालं, शेतकऱ्याचं भलं होईल. विरोधक म्हणाले, घरं बुडतील. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला आणि निर्णय बासनात गेला. त्या चर्चेत बागायतदार होता, पिणारा होता, त्याची बायको होती. ज्याच्या हाताने छाटणी, डिपिंग, थिनिंग होतं तो मजूर मला फारसा दिसला नाही. दिंडोरी-निफाडच्या बागांत ऑक्टोबर छाटणीला पेठ-सुरगाण्याकडून टोळ्या येतात, कित्येकदा दिवाळीच्याच आठवड्यात. 2018 चा लाँग मार्च चालणाऱ्यांतही याच तालुक्यांतली माणसं मोठ्या संख्येने होती. तेव्हा त्यांनी वनजमिनीचे पट्टे मागितले होते. बागेतल्या कामाच्या अटी त्यांनी अजून कुणाकडे मागितलेल्या नाहीत. वायनरी आणि बागायतदार यांच्या करारात ते पक्षकार नाहीत. वाइनमुळे शेतकऱ्याचं भलं होतं असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने, आणि मीही ते म्हणतो, या टोळीचा रोज, तिचा मुक्काम आणि फवारणीच्या दिवशी तिच्या अंगावर काय असतं याची चौकशी करायला हवी.

कॅलिफोर्नियात गॅलो कुटुंबाची पुढची पिढी आता कारभार बघते. जानेवारी 2021 मध्ये कंपनीने कॉन्स्टेलेशन या प्रतिस्पर्ध्याकडून 30 हून अधिक ब्रँड 81 कोटी डॉलरला घेतले. ‘बेअरफूट’, ‘अपॉथिक’ आणि असे कितीतरी ब्रँड आज गॅलोचे आहेत आणि घेणाऱ्या बहुतेकांना ते ठाऊक नाही. अमेरिकेत वाइनचा खप घसरला आहे, मध्य खोऱ्यातले बागायतदार उभ्या वेली उपटून टाकत आहेत.

आणि 1975 चा कायदा अजून लढवला जातो आहे. जून 2021 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्ट्रॉबेरीची रोपं करणाऱ्या एका कंपनीच्या खटल्यात, सहा विरुद्ध तीन मतांनी, कार्यकर्त्यांना मळ्यात शिरण्याची ती जुनी मुभा घटनाबाह्य ठरवली. मळ्यातच राहणाऱ्या मजुराला गाठायचा रस्ता पुन्हा बंद झाला. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये, भर उन्हात, शेतमजूर डेलानोहून 335 मैल चालत गेले. या वेळी ते थेट सॅक्रामेंटोला गेले. सप्टेंबरमध्ये गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी नव्या कायद्यावर सही केली: मळ्यातल्या मतपेटीपर्यंत न जाताही, कार्डावर सह्या करून मजुरांना युनियन निवडता येईल. मोठ्या मळेवाल्यांनी त्यालाही कोर्टात आव्हान दिलं आहे.